नऊशे नव्वदांतील एक

पोकर या पत्त्यांच्या खेळावर वर्षानुवर्षे चरितार्थ चालवणाऱ्या व्यक्तीच्या यशाला कर्तृत्व म्हणावे की सुदैव, आणि ते कर्तृत्व ठरले तरी स्पृहणीय मानावे काय, हे दोन प्रश्न वरवर एकच वाटले तरी वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे या विषयावरील बहुतेक चर्चा भरकटलेली दिसते. ही गल्लत सोडवायची तर जिच्यात कौशल्याचा पुरावा भरपूर आहे, जिचा आरंभ आणि शेवट दोन्ही ठळक आहेत, आणि जिला नशिबाचा एखादा झटका म्हणून बाजूला सारता येत नाही, अशी एक कारकीर्द समोर ठेवावी लागते. अमेरिकेतील व्हॅनेसा सेल्ब्स्ट यांची कारकीर्द तशी आहे.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 1984 मध्ये जन्मलेल्या सेल्ब्स्ट यांनी येल विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेतली, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर काही काळ स्पेनमध्ये काढला आणि पुढे येलच्याच विधी महाविद्यालयातून 2012 मध्ये कायद्याची पदवी मिळवली; म्हणजे ज्या वर्षांत त्या व्यावसायिक पोकरच्या शिखराकडे चालल्या होत्या, त्याच वर्षांत त्या कायद्याच्या विद्यार्थिनीही होत्या. लास व्हेगास येथे 1970 पासून भरत आलेली ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ ही या खेळातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धामालिका असून तिच्यातील विजेत्याला रोख रकमेबरोबर सोन्याचे कडे दिले जाते, आणि पोकरच्या जगात खेळाडूची योग्यता बऱ्याच अंशी या कड्यांवरून मोजली जाते. सेल्ब्स्ट यांनी 2008, 2012 आणि 2014 मध्ये अशी तीन कडी मिळवली, आणि ती तिन्ही स्त्री-पुरुष सर्वांना खुल्या असलेल्या स्पर्धांत मिळवली, जे त्यांच्याआधी कोणत्याही स्त्रीला साधले नव्हते. त्यांतील 2012 ची स्पर्धा पोकरचे दहा निरनिराळे प्रकार आळीपाळीने खेळण्याची होती, तर 2014 च्या स्पर्धेचे प्रवेशशुल्कच 25,000 डॉलर होते. कनेक्टिकट राज्यात, म्हणजे येल ज्या राज्यात आहे तेथेच, मोहेगन सन या जुगारगृहात भरलेली एक मोठी स्पर्धा त्यांनी 2010 मध्ये जिंकली आणि 2011 मध्ये तीच पुन्हा जिंकली. 2010 मध्येच फ्रान्समधील कान येथे त्यांना 13 लाख युरो मिळाले, आणि 2013 मध्ये बहामा बेटांवर 14,24,420 डॉलर. कारकिर्दीअखेर त्यांच्या नावावर प्रत्यक्ष मेजावरच्या स्पर्धांतील पारितोषिकांचे सुमारे 1 कोटी 18 लाख डॉलर जमा होते, आणि त्या वेळेपर्यंत इतकी रक्कम दुसऱ्या कोणत्याही स्त्री-खेळाडूच्या नावावर नव्हती.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडायचे आणि मगच त्याला उत्तर द्यायचे ही भारतीय शास्त्रचर्चेतील पूर्वपक्षाची रीत येथे स्वीकारली असून, त्यासाठी दोन कल्पित व्यक्ती योजल्या आहेत: मुंबईत फौजदारी वकिली करणारे एक वकील आणि पुण्यातील एका महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या, वयाने त्यांच्याहून वडील असलेल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका. पूर्वपक्ष वकिलांचा आहे, आणि तो वाटतो तितका जुनाट नाही.

वकील: बाई, सर्वप्रथम त्या 1 कोटी 18 लाखांचा हिशेब नीट मांडायला हवा. पारितोषिकांची जी बेरीज प्रसिद्ध होते, तिच्यातून प्रवेशशुल्के वजा केलेली नसतात, प्रवास आणि हॉटेलांचा खर्च वजा केलेला नसतो, आणि अनेक खेळाडू आपल्या प्रवेशशुल्काचा काही हिस्सा इतरांना विकतात व त्या प्रमाणात पारितोषिकही वाटून देतात, तेही तिच्यात दिसत नाही. दुकानाचा गल्ला म्हणजे नफा नव्हे, हे कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कळते. मग या एका धंद्यात मात्र गल्ल्यालाच मिळकत का म्हणावे?

प्राध्यापिका: हा आक्षेप शंभर टक्के मान्य आहे, वकीलसाहेब, आणि तो मान्य केल्यानेच चर्चा योग्य ठिकाणाहून सुरू होते, कारण पैशाच्या बेरजेवरून कौशल्य ठरवणे हीच मुळात चुकीची पद्धत आहे. एखाद्याने एकच स्पर्धा जिंकून तेवढी रक्कम मिळवली असती तर ती बेरीज संख्याशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक ठरली असती. पाहायचे ते हे, की वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या प्रकारांत, वेगवेगळ्या देशांत तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा शेवटच्या मेजापर्यंत पोहोचते काय. नशीब हे एकाच माणसाचे घर शोधत दहा वर्षे हिंडत नाही.

येथे खेळाची रचना थोडी सांगणे आवश्यक आहे, कारण मराठी घरांतून रमी, मेंढीकोट आणि बदाम सात जितके ओळखीचे आहेत तितके पोकर नाही, आणि तीन पत्तीशी त्याची केलेली तुलना बरीचशी दिशाभूल करणारी असते. सर्वांत प्रचलित असलेल्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पाने पालथी वाटली जातात आणि मेजाच्या मध्यभागी सर्वांसाठी सामायिक अशी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात: प्रथम एकदम तीन, ज्यांना फ्लॉप म्हणतात, नंतर चौथे पान, टर्न, आणि शेवटी पाचवे, रिव्हर. या सात पानांतून ज्याची पाच पानांची मांडणी श्रेष्ठ, त्याचा डाव. मात्र प्रत्येक टप्प्यावर पैज लावण्याची, वाढवण्याची किंवा पाने टाकून देऊन बाहेर पडण्याची मुभा असते, आणि बाकी सगळे बाहेर पडले तर उरलेल्याला आपली पाने न दाखवताच डाव मिळतो. त्यामुळे कितीतरी डावांचा निकाल पानांनी न लागता पैजेने लागतो. हातात काही नसताना आहे असे भासवून पैज लावणे, म्हणजे ब्लफ, ज्याला मराठीत हूल देणे हा नेमका शब्द आहे, ते याच रचनेतून जन्माला येते.

प्राध्यापिका: समजा, डावात 100 रुपये जमले आहेत आणि समोरच्याने 50 ची पैज लावली. डावात राहण्यासाठी 50 भरावे लागतील आणि मग एकूण 200 होतील. म्हणजे चारांपैकी एकदा जिंकण्याची शक्यता असली तरी भरणे तोट्याचे नाही. आता हेच उलट बाजूने पाहावे. हूल देणाऱ्याने 100 मिळवण्यासाठी 50 घातले आहेत, म्हणजे समोरचा तिनांपैकी एकदा जरी बाहेर पडला तरी त्याची बरोबरी झाली. हा हिशेब प्रत्येक डावात, प्रत्येक टप्प्यावर, समोरच्याच्या हातात कोणती पाने असू शकतील याच्या अंदाजासह करावा लागतो, आणि तो करणाऱ्याला पुढचे पान आपल्या बाजूने पडेल अशी आशा धरण्याची गरज नसते. प्रत्येक निर्णयाचे दीर्घकालीन सरासरी मोल धन आहे की ऋण, एवढेच तो पाहतो.

वकील: दीर्घकालीन म्हणजे किती? त्या खेळाडूच्या आयुष्यात तो दीर्घकाळ येतो तरी काय?

या प्रश्नाला प्राध्यापिका जे उत्तर देतात ते त्यांच्या बाजूचे वाटत असले तरी वकिलांच्या शंकेला बळ देणारे आहे, आणि त्यांनी ते झाकलेले नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी तयार केलेल्या ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीची आणि चार नामवंत व्यावसायिकांची लढत जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्ग येथे झाली, तेव्हा कोण सरस हे निश्चयाने सांगता यावे म्हणून 1,20,000 डाव खेळवले गेले. प्रत्यक्ष मेजावर तासाला साधारण 30 डाव होतात असे धरले, तर इतक्या डावांना 4,000 तास लागतात. रोज आठ तास खेळणाऱ्याला पाचशे दिवस. वकिलाला निकाल लागायला वीस वर्षे लागली तरी निकाल एकच असतो; पोकर खेळणाऱ्याला रोज निकाल मिळतो आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक निकाल, एकटा पाहिला तर, फसवा असतो. या खेळातील व्यावसायिकाचे मानसिक ओझे कशात आहे ते येथे दिसते. चूक करून जिंकलेला डाव चूक म्हणून आणि बरोबर खेळून हरलेला डाव बरोबर म्हणून ओळखणे, तेही पैसे हातचे जात असताना, हे ज्याला जमत नाही त्याला गणित कितीही येत असले तरी उपयोग नाही.

वकील: तरीही न्यायालयांचे याबाबत एकमत नाही, बाई. आपल्याकडे 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ प्रतिबंधातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने 1968 च्या सत्यनारायण खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले, कारण तिच्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान धरावे, कोणते टाकावे याला बुद्धी लागते, पण त्याच वेळी तीन पानांचा जुगार मात्र नशिबाचा ठरवला. पोकर या दोहोंपैकी कोणाच्या पंक्तीला बसते, यावर गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये ते जुगारच असल्याचा निर्णय दिला. आणि जानेवारी 2018 मध्ये, महिनाभराच्या अंतराने, आपापल्या क्षेत्रांत पहिल्या ठरलेल्या स्त्रियांचा राष्ट्रपतींच्या हस्ते जो गौरव झाला, त्यात मुस्कान सेठी या पोकर-खेळाडूचा समावेश होता. एका राज्यात जो गुन्हा ठरू शकतो त्याबद्दल राजधानीत गौरव, हे विसंगत नाही काय?

प्राध्यापिका: विसंगत आहेच, पण ही विसंगती त्या खेळाडूच्या माथी मारता येणार नाही. आणि अमेरिकेतही हेच झाले. न्यूयॉर्कमध्ये पोकरचा अड्डा चालवणाऱ्या एका इसमाच्या खटल्यात न्यायमूर्ती जॅक वाइनस्टाइन यांनी 2012 मध्ये, पोकरमध्ये नशिबापेक्षा कौशल्याचा वाटा मोठा असल्याचा पुरावा तपशिलाने तपासून, आरोपीच्या बाजूने निर्णय दिला. वरच्या न्यायालयाने 2013 मध्ये तो फिरवला, पण कौशल्याचा निष्कर्ष चुकीचा म्हणून नव्हे, तर त्या कायद्याला असा भेद अभिप्रेतच नाही म्हणून. ते पहिले न्यायालय ब्रुकलिनचे होते, सेल्ब्स्ट जेथे जन्मल्या तेथले, आणि ज्या वर्षी हा निर्णय आला त्याच वर्षी त्या येलमधून कायद्याच्या पदवीधर झाल्या.

इथवरचा वाद परिचित वळणाने गेला असून तो येथेच थांबला असता, तर कौशल्य सिद्ध झाले की आक्षेप संपला असे मानणाऱ्यांची सरशी झाली असती. परंतु वकिलांचा खरा आक्षेप यापुढे येतो, आणि प्रस्तुत लेखाच्या मते या विषयावर घेता येण्याजोगा तोच सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

वकील: मग कौशल्य मान्यच करू. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि टॉमस माइल्स यांनी 2010 च्या वर्ल्ड सिरीजमधील निकाल तपासून दाखवले, की आधीच निष्णात म्हणून ओळखल्या गेलेल्या खेळाडूंना त्यांच्या गुंतवणुकीवर सरासरी 30 टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला आणि बाकीच्यांना सुमारे 15 टक्के तोटा झाला. कौशल्याचा पुरावा म्हणून हा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. पण बाई, तोच आकडा दुसऱ्या बाजूने वाचावा: तो तोटा कोणाचा आहे? लॉटरीत गरीब माणूस हरतो तेव्हा निदान दैवापुढे सगळे सारखे असतात; येथे मात्र जो अनाडी आहे तो दैवाने हरत नाही, तो ठरलेल्या माणसांपुढे ठरल्यासारखा हरतो. कौशल्य जितके जास्त सिद्ध व्हावे, तितकी हरणाऱ्याची हार जास्त निश्चित होते. कायदा म्हणतो, कौशल्य आहे म्हणून खेळ निर्दोष. नीती म्हणते, कौशल्य आहे म्हणूनच दोष वाढला. मांडवी नदीत उभ्या असलेल्या जुगारबोटींवर गोव्यातील रहिवाशांना प्रवेश नाही, तो पाहुण्यांसाठी आहे. हरणारा आपला नसावा एवढी काळजी सरकारनेही घेतलीच की. आणि 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातली तेव्हा कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. म्हणजे शंभर वर्षे ज्या भेदावर वकिली चालली, तो भेद मूळ प्रश्नाचे उत्तर नव्हताच, हे कायद्यानेही अखेर ओळखले.

या युक्तिवादाला प्राध्यापिकांचे उत्तर दोन टप्प्यांत येते, आणि त्यांतला पहिला टप्पा कमकुवत आहे. स्पर्धेतील तोटा प्रवेशशुल्कापुरता मर्यादित असतो, अटी सर्वांना आधीच ठाऊक असतात आणि बुद्धिबळाच्या स्पर्धेतही नवखे खेळाडू शुल्क भरून हरतातच, असे त्या म्हणतात. पण बुद्धिबळातील नवखा आपण जिंकू अशा भ्रमात फार काळ राहू शकत नाही, आणि पोकरमध्ये मधूनमधून नवख्यालाही जिंकवणारे नशीब त्याचा हाच भ्रम जिवंत ठेवते, हे वकिलांचे प्रत्युत्तर निरुत्तर करणारे आहे. नशिबाचा अंश हा या खेळात कौशल्याचा शत्रू नसून त्याचा पुरवठादार आहे. तो नसता तर हरणारे केव्हाच उठून गेले असते आणि व्यावसायिकांना समोर बसायला कोणी उरले नसते. प्राध्यापिका हे मान्य करतात. संख्याशास्त्र शिकवण्यात उभे आयुष्य घालवलेल्या व्यक्तीने हे मान्य करावे यात तिचा पराभव नाही.

त्यांच्या उत्तराचा दुसरा टप्पा मात्र वेगळ्या दिशेने येतो.

प्राध्यापिका: ज्या मोठ्या शुल्काच्या स्पर्धांत सेल्ब्स्ट यांनी आपली कारकीर्द घडवली तेथे समोर बसलेले बहुतेक पुरुष अनाडी नव्हते, वकीलसाहेब, आपण हुशार आहोत आणि ही बाई नाही, अशी खात्री बाळगणारे होते. वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत शंभर खेळाडूंत स्त्रिया जेमतेम चार-पाच असतात. त्या स्पर्धेच्या अंतिम मेजावर 1995 मध्ये बार्बरा एनराइट पाचव्या आल्या, आणि त्यानंतर तेथे पुढची स्त्री, स्पेनच्या लिओ मार्गेट्स, पोहोचायला 2025 साल उजाडावे लागले. मेजावर एखादी स्त्री बसली की तिच्याबद्दल दोन समज आधीच तयार असतात: ती घाबरून पाने टाकेल, आणि तिने पैज वाढवलीच तर तिच्या हातात खरोखरच काही असेल. सेल्ब्स्ट यांनी हे दोन्ही समज हिशेबात धरले आणि त्यांच्यावरच आपली शैली उभारली.

ती शैली कशी होती याचे चित्र त्यांच्या अगदी सुरुवातीच्या एका डावात सापडते. 2006 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्या प्रथमच एका अंतिम मेजावर पोहोचल्या, दूरचित्रवाणीचे कॅमेरे समोर होते, आणि अशा वेळी पंजी आणि दुर्री या अतिशय हलक्या पानांवर त्यांनी आपल्या सगळ्या सोंगट्या, म्हणजे पैशांच्या जागी वापरल्या जाणाऱ्या गोल चिप्स, एकदम पुढे सारल्या. हूल होती ती. समोरच्याच्या हातात एक्क्यांची जोडी निघाली, जिच्याहून चांगली सुरुवातीची पाने या खेळात नाहीत, आणि सेल्ब्स्ट सातव्या क्रमांकावर बाहेर पडल्या. विशीतल्या मुलीचा तो फजितीचा प्रसंग म्हणून अनेकांच्या लक्षात राहिला. परंतु याच धाडसाला पुढे अभ्यासाची शिस्त लागली तेव्हा त्यातूनच असा खेळ तयार झाला, की त्यांच्या पैजेसमोर बसलेल्याला त्या केव्हा खऱ्या आणि केव्हा हूल देत आहेत हे ठरवता येईना.

वकील: म्हणजे स्त्रीविषयीचा पूर्वग्रह हेच तिचे भांडवल झाले. पूर्वग्रहावर पैसा मिळवणे हे पूर्वग्रह मोडणे नव्हे.

प्राध्यापिका: तो मेजावर महाग पडू लागला की मोडू लागतो, इतर ठिकाणी तो बाळगणाऱ्याला फुकट पडतो म्हणून टिकतो. कार्यालयात बाईला कमी लेखणाऱ्या साहेबाच्या खिशाला त्याची झळ लागत नाही. पोकर हे फार थोड्या व्यवसायांपैकी एक आहे, जेथे समोरच्या स्त्रीला कमी लेखण्याची किंमत त्याच संध्याकाळी, मोजून द्यावी लागते.

वकील: महाभारतातील द्यूतसभेची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. तेथेही कौशल्य होते, शकुनीचे. आणि किंमत स्त्रीने दिली.

प्राध्यापिका: द्रौपदी तेथे पणाला लावलेली वस्तू होती, खेळाडू नव्हती; फरक तोच आहे. आणि सभेत तिने जो प्रश्न विचारला, की स्वतःला आधी हरलेल्या पुरुषाला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, तो तर शुद्ध कायद्याचा प्रश्न होता, वकीलसाहेब, आणि त्या भरसभेत बहुतेक जाणत्यांना त्याचे सरळ उत्तर देता आले नाही.

यावर वकील बराच वेळ काही बोलत नाहीत. पुढे ते विषय बदलतात तो सेल्ब्स्ट यांच्या निवृत्तीकडे, कारण त्यांच्या मते तेथे पूर्वपक्षाचा शेवटचा पुरावा आहे: हा व्यवसाय इतका थोर असता तर त्यातील सर्वांत यशस्वी स्त्रीने तेहतिसाव्या वर्षी तो सोडला नसता.

सेल्ब्स्ट यांनी 31 डिसेंबर 2017 रोजी व्यावसायिक पोकर सोडत असल्याचे जाहीर केले आणि तोवर त्या ‘ब्रिजवॉटर असोसिएट्स’ या मोठ्या गुंतवणूक-संस्थेत रुजू झाल्या होत्या. या निर्णयामागची कारणे समजून घ्यायची तर 15 एप्रिल 2011 या दिवसाकडे जावे लागते, जो पोकरच्या जगात ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी अमेरिकेच्या न्यायखात्याने इंटरनेटवरून पोकर चालवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांच्या चालकांवर खटले भरून त्यांची संकेतस्थळे ताब्यात घेतली, आणि अमेरिकेतील खेळाडूंचा घरबसल्या सरावाचा व मिळकतीचा मार्ग एका दिवसात बंद झाला. सेल्ब्स्ट यांची प्रायोजक कंपनी या तिघांपैकीच एक होती. हळूहळू हौशी खेळाडू कमी झाले, उरलेले अधिकाधिक तयारीचे होत गेले, आणि कोणत्या पानांवर किती वेळा हूल द्यावी याचे इष्टतम उत्तर काढणाऱ्या संगणक-प्रणाल्या, ज्यांना सॉल्व्हर म्हणतात, त्या सर्वांच्या हाती आल्या. जो खेळ मित्रमंडळींत बसून, एकमेकांचे डाव चिरफाड करून शिकायचा होता, तो आता यंत्राची उत्तरे घोकण्याचा झाला. सेल्ब्स्ट यांनी आपल्या निवेदनात हे मोकळेपणाने सांगितले. त्याबरोबर स्थिर आयुष्याची आणि कुटुंबाची ओढही सांगितली, आणि नव्या कामात सुरुवातीच्या पोकरसारखे सहकाऱ्यांबरोबर डोके लढवण्याचे वातावरण मिळते हेही सांगितले.

वकील: एका मेजावरून उठून दुसऱ्या, अधिक प्रतिष्ठित मेजावर बसणे झाले हे. फरक इतकाच की तेथे हरणारा समोर दिसत नाही.

प्राध्यापिका: हा टोमणा गुंतवणूक-व्यवसायाला लागू असेल, त्या निर्णयाला नाही. ज्या हिशेबाने त्या दहा वर्षे प्रत्येक डावात राहायचे की बाहेर पडायचे हे ठरवत आल्या, त्याच हिशेबाने त्यांनी आपल्या व्यवसायातून बाहेर पडायचे ठरवले. चांगली पाने हातात असतानाही टाकून देता येणे ही या खेळातील सर्वांत अवघड विद्या आहे. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तातील जुगाऱ्याला, ज्याच्या घरदाराची राखरांगोळी होत असूनही पावले पुन्हा द्यूतगृहाकडेच वळतात, नेमके तेवढेच येत नव्हते.

वकिलांना हे उत्तर पटते असे नाही, पण ते एक शेवटचा डाव मागतात, आणि तो मागण्याचा त्यांना अधिकार आहे, कारण सेल्ब्स्ट यांच्या नियमित व्यावसायिक कारकिर्दीतील तो सर्वांत गाजलेला पराभव आहे. जुलै 2017 मध्ये वर्ल्ड सिरीजची 10,000 डॉलर शुल्काची मुख्य स्पर्धा सुरू झाली; स्पर्धा सुमारे दोन आठवडे चालते, पण सेल्ब्स्ट पहिल्याच दिवशी, खेळाच्या पहिल्याच टप्प्यात बाद झाल्या. त्यांच्या हातात एक्क्यांची जोडी होती. फ्लॉपवर एक्का, सत्ती आणि पंजी उघडली, म्हणजे त्यांचे तीन एक्के झाले, टर्नवर आणखी एक सत्ती आली, म्हणजे तीन एक्के आणि दोन सत्त्या अशी ‘फुल हाऊस’ची भक्कम मांडणी झाली, रिव्हरवर चव्वी पडली. समोर फ्रान्सच्या गाएल बोमान होत्या, ज्या 2012 च्या मुख्य स्पर्धेत दहाव्या येऊन अंतिम मेजापासून एका जागेने दुरावल्या होत्या. सेल्ब्स्ट यांनी पैज लावली, आणि बोमान यांनी उलट सगळ्याच सोंगट्या पुढे सारल्या.

प्राध्यापिका कागद ओढून घेतात. सेल्ब्स्ट यांना स्वतःची दोन आणि मेजावरची पाच अशी सात पाने दिसत होती, उरली 45. त्यांतून दोन पाने निवडण्याचे प्रकार 990. त्या 990 पैकी सेल्ब्स्ट यांना हरवणारा प्रकार एकच: उरलेल्या दोन्ही सत्त्या एकाच हातात.

वकील: मग विचार कसला करायचा? 989 विरुद्ध एक!

प्राध्यापिका: तेथेच नवखा चुकतो. 990 हातांपैकी बहुतेक हात एवढी मोठी उलट पैज लावणारच नाहीत, म्हणून ते मोजायचेच नाहीत. बोमान यांच्यासारखी खेळाडू ती कशावर लावेल? एक्का आणि सत्ती, याचे प्रकार दोन. पंजीची जोडी, तीन. चव्वीची जोडी, तीन. सत्ती आणि पंजी, सहा, पण सुरुवातीच्या पैजेला त्यांतले फार तर दोन टिकले असते. सत्ती आणि चव्वी, सोडून द्यावे. म्हणजे हे दहा, आणि विरुद्ध बाजूला तो एक. आता त्या दहांपैकीही चव्वीच्या जोडीवर कोणी टर्नपर्यंत थांबले असते काय? नसते, राहिले सात. पंजीच्या जोडीवर समोर एक्का दिसत असताना एवढे धाडस कोणी केले असते? शंका आहे, म्हणजे चार. सेल्ब्स्ट त्या मेजावर बसून हेच करत होत्या, आणि प्रत्येक वजाबाकीबरोबर तो एक प्रकार त्यांच्या अधिक जवळ येत होता.

वकील: तरी चारास एक उरलेच.

प्राध्यापिका: उरले. आणि चारास एक असताना पाने टाकणे ही चूक ठरली असती.

सेल्ब्स्ट यांनी बराच वेळ घेतला. एक्क्यांची फुल हाऊस हातात असताना पाने टाकून देण्याचा विचार कोणी करू शकतो हेच पाहणाऱ्यांपैकी अनेकांना नवल वाटले. मग त्यांनी सोंगट्या पुढे केल्या, आणि बोमान यांनी उरलेल्या दोन्ही सत्त्या मेजावर उलटल्या.